मंदीत सभासदांना काम मिळवून देताना: व्यावसायिक संघटनांसाठी कार्यपद्धती

मंदीची चाहूल लागली की बहुतेक व्यावसायिक संघटना एकच गोष्ट करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नोकऱ्यांचा ग्रुप उघडतात आणि इकडून तिकडून आलेल्या जाहिराती त्यात टाकू लागतात. पंधरवड्यात ग्रुप भरतो आणि महिन्याभरात लोक तो म्यूट करतात, कारण त्या जाहिराती सभासदांनी आधीच पाहिलेल्या असतात आणि प्रत्येकीवर अर्जांचा ढीग पडलेला असतो. जाहिराती शोधायची साधनं आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. संघटनेने त्यात भर घालण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

संघटनेचं खरं भांडवल वेगळं आहे. तिच्या सभासदांनी एकमेकांचं काम पाहिलेलं असतं. कोण मुदतीत काम देतं, कुणाचा अहवाल पुन्हा तपासावा लागत नाही, प्रकल्प अडचणीत आल्यावर कोण टिकून राहतं, हे त्यांना ठाऊक असतं. मंदीत नोकरी देणारा हात आखडता घेतो. जे एखाद-दुसरं पद भरायचं तिथे माणूस चुकू नये म्हणून तो जाहिरात देण्याआधी ओळखीतल्या कुणाला तरी विचारतो. त्या वेळी योग्य माणसाने शब्द टाकला पाहिजे. असा खरा, जबाबदारीने टाकलेला शब्द जास्तीत जास्त सभासदांच्या वाट्याला यावा, यासाठी पुढची सगळी मांडणी आहे.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय लोकांचा अभ्यास करून १९७३ मध्ये जे आकडे मांडले, ते संघटनेच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने लक्षात ठेवावेत. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोकांना ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. ५५.६ टक्के लोकांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळली, तर २७.८ टक्के लोकांना क्वचित भेटणाऱ्याकडून. जवळच्या माणसांना साधारण आपल्याइतकंच माहीत असतं. लांबच्यांना आपल्याला न दिसणाऱ्या जागा दिसतात. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवर ५ वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनीही हाच कल दाखवला, पण एक दुरुस्ती केली: अगदीच नाममात्र ओळख तितकी कामाला येत नाही, बेताची विरळ ओळख सर्वांत जास्त येते. परिषदेत वर्षातून दोनदा भेटणारे, कधीतरी एका समितीत बसलेले सभासद नेमके याच जातीचे.

आधी ठराव

नोकऱ्यांची वाईट अवस्था मंदीपेक्षा जास्त काळ टिकते, हे आधी कार्यकारिणीच्या गळी उतरवा. अमेरिकेतली २००१ ची मंदी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अधिकृतपणे संपली, पण बेकारीचा दर शिखराला पोचला जून २००३ मध्ये. पुढची मोठी मंदी जून २००९ मध्ये संपली आणि बेकारीने १० टक्क्यांचा उच्चांक गाठला तो ऑक्टोबरमध्ये. त्यानंतर ती उतरायला कित्येक वर्षं गेली. मागणी परत आली तरी मालक आधी आहे त्याच माणसांकडून जास्त काम करून घेतात, मग कंत्राटी माणसं घेतात, आणि कायम पदं शेवटी भरतात. म्हणून तीन महिन्यांची मोहीम आखू नका. २४ महिन्यांचा ठराव करा आणि दर ६ महिन्यांनी आढावा ठेवा. मोहीम आखलेल्या संघटनांचा उत्साह चौथ्या महिन्यात ओसरतो आणि सभासदांच्या शिलकीला ओहोटी लागते तीही साधारण तेव्हाच.

रोजगार समिती ५ जणांची पुरे. एक निमंत्रक, ज्याला आठवड्याला ५ ते ६ तास खरोखर देता येतील. दोघं असे, जे स्वतःच्या संस्थेत माणसं निवडतात. एक असा, ज्याने गेल्या वर्षभरात स्वतः काम शोधून मिळवलंय, कारण आज अर्ज कसे चाळले जातात हे त्यालाच माहीत असतं. पाचवा नोंदी ठेवणारा. भरतीचा धंदा करणारा सभासद कितीही सज्जन असला तरी त्याला समितीत घेऊ नका; त्याचं उत्पन्न आणि समितीचं काम एकाच यादीवर उभं राहतं, आणि संशयाला जागा होते.

पैशाबद्दल तीन गोष्टी ठरावातच लिहा. काम शोधणाऱ्या सभासदाकडून या सेवेसाठी एक पैसाही घ्यायचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार खासगी रोजगार संस्थांनाही कामगारांकडून थेट किंवा आडमार्गाने शुल्क घ्यायला मनाई करतो. त्यातले अपवाद मोजकेच आहेत. संघटनेने तर तो विचारही करू नये. दुसरं, काम गेलेल्या सभासदाची वर्गणी १२ महिने स्थगित करायची आणि सभासदत्व पूर्ण हक्कांसह चालू ठेवायचं. वर्गणी थकली म्हणून नाव आपोआप कमी होण्याची सोय अनेक संघटनांच्या संगणकात असते. ती बंद केली नाही, तर ज्याला संघटनेची सर्वांत जास्त गरज आहे तोच पहिल्यांदा बाहेर पडतो. तिसरं, नोकरी देणाऱ्या संस्थेकडून देणगी किंवा प्रायोजकत्व आलं, तरी त्याचा नावं पाठवण्याशी संबंध राहणार नाही.

कुणाचं काम गेलंय हे कसं कळणार

फॉर्म टाकून वाट पाहिली तर गरजूंपैकी थोडेच पुढे येतात. काम गेल्याचं लोक घरातसुद्धा आठवडेच्या आठवडे सांगत नाहीत, मग संघटनेला कुठून सांगणार? त्यामुळे तुम्हीच शोधायला निघा. सुगावे तुमच्याच दफ्तरात असतात. कार्यालयीन ईमेल पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं, तर त्या माणसाची जागा बहुधा बदलली आहे. कुणी अचानक कार्यालयीन पत्ता काढून खासगी पत्ता दिला. कुणाची वर्गणी पहिल्यांदाच थकली. एखाद्या संस्थेने नोकरकपात जाहीर केली, आणि तिथले तुमचे सभासद यादीत दिसतात. दर सोमवारी या चार गोष्टी तपासून नावं काढा आणि त्याच आठवड्यात फोन करा. ईमेल नको, फोनच.

फोनवर "तुमची नोकरी गेली का?" असं विचारू नका. "सध्या आपल्या क्षेत्रात सगळीकडे ओढाताण आहे, म्हणून समिती सभासदांची विचारपूस करतेय. तुमचं कामाचं कसं चाललंय?" एवढं पुरतं. समोरचा बोलला तर ऐका, नाही बोलला तर समितीचा नंबर देऊन ठेवा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा विचारा. दुसऱ्या फोनला पुष्कळ लोक मोकळे होतात.

त्यानंतर नोंद. फॉर्म १० प्रश्नांच्या वर नेऊ नका, आणि बायोडेटा पहिल्याच दिवशी मागू नका. तो नीट करायला बसलेला माणूस महिना काढतो. विचारायचं ते असं: गेल्या ५ वर्षांत हाताने केलेली तीन कामं कोणती? ती कुणी पाहिली आहेत, म्हणजे संघटनेतले कोणते सभासद त्याबद्दल बोलू शकतील? कायम नोकरीच हवी की कंत्राटी किंवा अर्धवेळ कामही चालेल? गाव बदलता येईल का? मोबदल्याची खालची मर्यादा काय? किती महिने तग धरता येईल? हा शेवटचा प्रश्न ऐच्छिक ठेवा, पण ठेवाच. दोन महिन्यांची शिल्लक असलेल्याला आधी हाताला लागेल ते काम हवं असतं. आठ महिन्यांची असलेल्याला योग्य जागेची वाट पाहता येते. दोघांना एकच सल्ला देणं हा मोठा अन्याय आहे.

फॉर्मच्या तळाशी संमतीचे दोन वेगळे चौकोन हवेत. एक: माझी माहिती समितीच्या ५ जणांना दिसावी. दुसरा: माझं नाव बाहेर पाठवण्याआधी दर वेळी मला विचारावं. दुसरा चौकोन मुळातच खूण केलेला असू द्या आणि तो काढता येऊ नये. जे नोकरीत आहेत पण गुपचूप शोधताहेत, त्यांची नोंद वेगळ्या फाइलमध्ये, फक्त निमंत्रकाकडे. त्यांच्या सध्याच्या मालकाचा माणूस समितीत असू शकतो, हे विसरू नका. सगळ्या नोंदी शेवटच्या संपर्कानंतर १८० दिवसांनी पुसायच्या, हेही फॉर्मवर छापा आणि खरोखर पुसा.

कामं कुठून आणायची

मंदीत कुणालाही "तुमच्याकडे जागा आहे का?" असं विचारलं की उत्तर "नाही" असंच येतं. भरती बंद असते, आणि विचारलेल्याला ते सांगून मोकळं होता येतं. प्रश्न बदला: "कोणतं काम अडून राहिलंय?" भरती बंद असली तरी काम थांबलेलं नसतं. गेलेल्या माणसाचं काम दोघांच्या डोक्यावर पडलेलं असतं, कुणी सहा महिन्यांच्या रजेवर असतं, लेखापरीक्षणाची तारीख जवळ येत असते, जुनी यंत्रणा बदलायचं तीनदा पुढे ढकललेलं असतं, पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्याच्या डोक्यातलं कुणी लिहून घेतलेलं नसतं. यातलं प्रत्येक काम तीन ते सहा महिन्यांच्या कंत्राटाचं असू शकतं, आणि त्याचा खर्च पगाराच्या खात्यातून न होता प्रकल्पाच्या किंवा सेवांच्या खात्यातून होतो. भरतीबंदी बहुतेकदा पहिल्या खात्यावर असते. ही फट ओळखणारी समिती भरतीबंदीतही कामं आणू शकते.

विचारायचं कुणाला? मनुष्यबळ विभागाला शेवटी. आधी तुमच्याच सभासदांपैकी जे पथकं चालवतात त्यांना, कारण अडलेलं काम त्यांना टोचत असतं. नोकरीत असलेल्या सभासदांची यादी समितीत वाटून घ्या आणि प्रत्येकाने आठवड्याला ४ फोन करायचे. पाच जणांचे महिन्याला ८० फोन होतात. त्यातून पाच-सहा कामांचे धागे हाताला लागले तरी महिना चांगला गेला असं समजा. निवृत्त सभासदांना वगळू नका; त्यांच्याकडे जुन्या ओळखी आणि वेळ दोन्ही असतं, आणि कुणाच्या स्पर्धेत ते नसतात. जवळच्या पण वेगळ्या क्षेत्रातल्या संघटनांशीही बोला. आपलं क्षेत्र आटलं असताना शेजारच्या क्षेत्रात आपल्याच कौशल्याची टंचाई असू शकते. बांधकाम थंडावलं की रचना-अभियंत्याला जुन्या इमारतींच्या तपासणीत आणि विमा-नुकसानीच्या मूल्यांकनात काम असतं. जाहिरात आटली की लेखकाला तांत्रिक माहितीपुस्तिकांमध्ये.

फोनवर कळलेलं काम त्याच दिवशी एका टिपणात उतरवा. काम नेमकं काय, किती काळ, कुठून करायचं, मोबदल्याचा पल्ला, ज्यांच्याशिवाय चालणारच नाही अशा जास्तीत जास्त तीन गोष्टी, निर्णय कोण घेणार, कधीपर्यंत, आणि संस्थेचं नाव आत्ता उघड करायचं की नंतर. मोबदल्याचा पल्ला न सांगणारं टिपण पुढे पाठवू नका. "माणूस बघून ठरवू" याचा मंदीतला अर्थ "गरज बघून कापू" असाच निघतो.

फसवणुकीचाही हाच हंगाम. अनोळखी संस्थेकडून आलेलं काम असेल तर संस्थेची नोंदणी, तिच्या अधिकृत संकेतस्थळावरचा फोन आणि कळवणाऱ्याचा ईमेल पत्ता एकमेकांशी जुळतात का ते पाहा, आणि संकेतस्थळावरच्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा. प्रशिक्षण, लॅपटॉप, पडताळणी किंवा अनामत म्हणून आधी पैसे मागणारी, मुलाखतीशिवाय नेमणूकपत्र देणारी, बँकेचा तपशील पहिल्याच दिवशी मागणारी जागा संघटनेच्या नावाने कधीही पुढे जाता कामा नये. एकदा तसं झालं, तर समितीचे पुढचे दहा खरे निरोपही कुणी उघडत नाही.

नाव पाठवणं

या टप्प्यावर भलं होतं आणि बिनसतंही याच टप्प्यावर.

एका कामासाठी जास्तीत जास्त तीन नावं पाठवा. वीस बायोडेटांचा गठ्ठा पाठवणं म्हणजे चाळण्याचं काम परत त्याच माणसाच्या गळ्यात मारणं. तो पुढच्या वेळी फोन उचलत नाही. तिघं निवडताना आधी टिपणातल्या तीन अटी लावा. त्यानंतरही जास्त नावं उरली तर क्रम असा ठेवा: ज्याच्या कामाबद्दल बोलणारा सभासद हजर आहे तो आधी, मग गेल्या ६० दिवसांत ज्याचं नाव कुठेही गेलेलं नाही तो, मग ज्याची शिल्लक कमी आहे तो. हा क्रम सगळ्या सभासदांना छापील स्वरूपात माहीत असू द्या. समितीतल्या कुणाचा नातेवाईक, भागीदार किंवा जवळचा मित्र यादीत असेल तर त्या कामापुरतं त्याने उठून जावं आणि तशी नोंद व्हावी. "त्यांच्या त्यांच्यातच वाटून घेतात" हे वाक्य एकदा पसरलं की खरं असो वा खोटं, समिती संपली.

नाव बाहेर जाण्याआधी दोन्हीकडून होकार घ्या. सभासदाला टिपण दाखवा आणि २४ तास द्या. तो हो म्हणाला की काम देणाऱ्याला विचारा: अमुक प्रकारचे तीन जण आहेत, परिचयपत्रं पाठवू का? आधी विचारून पाठवलेल्या पत्राला उत्तर मिळतं.

परिचयपत्र लिहायचं ते त्या माणसाचं काम पाहिलेल्याने. समितीने फक्त पाठवायचं. आठ ओळी पुरतात. नमुना असा:

"आपण सांगितलेल्या साठा-पडताळणीच्या कामासाठी यांचं नाव सुचवतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही एकाच प्रकल्पावर १४ महिने काम केलं. तेव्हा दोन गोदामांच्या नोंदी जुळत नव्हत्या. यांनी नोंदणीची पद्धत बदलली आणि वर्षअखेरची मोजणी ९ दिवसांवरून ४ दिवसांवर आणली. त्यांना नव्या संगणकप्रणालीचा अनुभव कमी आहे, पण त्या शिकतात लवकर हे मी पाहिलंय. त्या पुढच्या सोमवारपासून उपलब्ध आहेत. २० मिनिटं बोलून पाहावं, एवढीच विनंती."

या पत्रात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. लिहिणाऱ्याने काम किती जवळून आणि किती काळ पाहिलं ते सांगितलंय. एक उणीव लपवलेली नाही; त्यामुळे बाकीचं खरं वाटतं. आणि मागणी नोकरीची नाही, वीस मिनिटांची आहे. भरती बंद असलेल्या माणसालाही ती मान्य करता येते. ज्याचं काम कुणीच पाहिलेलं नाही अशा सभासदासाठी "मी ओळखतो" असं खोटं लिहू नका. "हे आमचे सभासद आहेत, त्यांच्या कामाचे दोन नमुने सोबत जोडले आहेत" इतकंच लिहा. आणि त्याच सभासदाला संघटनेच्या एखाद्या समितीत, परीक्षणात, प्रशिक्षणवर्गात काम द्या; दोन महिन्यांत त्याचं काम पाहिलेले पाच जण तयार होतात.

पत्र गेल्यावर ५ कामाच्या दिवसांनी एक फोन करा, तोही काम देणाऱ्याला. नकार आला तर कारण विचारा आणि ते सभासदापर्यंत जसंच्या तसं, पण माणुसकीने पोचवा. मंदीत माणसाला सर्वांत जास्त खातं ते मौन. अर्जांना उत्तरच येत नाही, आणि मग आपल्यातच काही कमी आहे असं वाटू लागतं. "तुमचं आवडलं, पण खर्चाची मंजुरी अडकली" एवढं कळलं तरी माणूस पुढच्या सकाळी पुन्हा टेबलाशी बसतो.

आठवड्याचा गट

एकट्याने काम शोधणं आणि गटात शोधणं यात केवढा फरक पडतो, हे मानसशास्त्रज्ञ नेथन अ‍ॅझ्रिन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं. त्यांच्या रोजगार-गटातल्या ९० टक्के लोकांना दोन महिन्यांत काम मिळालं. गटाबाहेरच्यांपैकी ५५ टक्क्यांना. गटात गूढ असं काही नव्हतं. लोक रोज येत, एकमेकांसमोर फोन करत, सापडलेले धागे वाटून घेत, आणि शोध हेच पूर्णवेळ काम मानत.

तुमचा गट ८ ते १२ जणांचा असू द्या. आठाच्या खाली गेला तर दोघं गैरहजर असताना बैठक ओस पडते. बाराच्या वर गेला तर प्रत्येकाची पाळी येत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, दोन तास. जमल्यास सकाळी, कारण नोकरी गेलेल्या माणसाची सकाळ सर्वांत कठीण असते. पहिली ३० मिनिटं हिशेबाची: गेल्या आठवड्यात किती जणांशी बोललात, पुढे काय झालं? इथे अर्ज मोजू नका, बोलणी मोजा. दिवसाला ४० अर्ज टाकणारा थकतो आणि काहीतरी केल्याचं समाधान तेवढं मिळवतो. आठवड्याला ५ खरी बोलणी करणारा पुढे सरकतो. पुढची ४० मिनिटं एका सभासदाची: तो आपली अडचण मांडतो आणि बाकीचे सल्ला न देता नावं देतात. "तुम्ही अमुक करायला हवं" असं म्हणायला बंदी, "मी अमक्याला ओळखतो, आज फोन करतो" असं म्हणायला मुभा. मग ३० मिनिटं सराव. शेवटच्या २० मिनिटांत तिथेच बसून प्रत्येकाने एक फोन करायचा किंवा एक निरोप पाठवायचा. हा शेवटचा भाग लोक टाळतात. टाळू देऊ नका, कारण घरी गेल्यावर तो फोन होत नाही.

सरावात मुलाखतीपेक्षा अपयशाची तयारी जास्त करा. मिशिगन विद्यापीठात १९८० च्या दशकात बेकारांसाठी तयार झालेल्या कार्यशाळेत चार-चार तासांची पाच सत्रं असत, आणि जवळपास प्रत्येकात एक भाग असा असे: अडथळा आधीच ओळखायचा आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते ठरवून ठेवायचं. "तीन फेऱ्या होऊन नकार आला, तर त्या संध्याकाळी मी काय करेन आणि दुसऱ्या सकाळी काय?" हे आधी बोलून ठेवलेला माणूस नकारानंतर तीन आठवडे गायब होत नाही. त्या कार्यशाळेचा फायदा नैराश्याकडे झुकलेल्यांना विशेष झाला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. गटातला कुणी सलग दोनदा न कळवता आला नाही तर त्याच दिवशी फोन करा. झोप उडाली, जगण्यात अर्थ वाटत नाही असं कुणी बोलू लागलं, तर तो विषय गटाचा नाही. त्याला डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे नेणारा माणूस समितीने आधीच ठरवून ठेवलेला असावा.

बायोडेटा आणि रिकामे महिने

बायोडेटाबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून थोडक्यात. दोन पानं. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात केलेलं काम आणि त्याचा मोजता येणारा परिणाम. जाहिरातीतले शब्द खरे असतील तिथे जसेच्या तसे, कारण पहिली चाळणी पुष्कळदा संगणक करतो. तक्ते, चित्रं, दोन रकाने टाळा. त्याच चाळणीत मजकूर विस्कटतो. प्रत्येक बायोडेटा त्याच क्षेत्रातल्या पण त्या सभासदाला न ओळखणाऱ्या एकाने ३० सेकंद पाहावा आणि काय लक्षात राहिलं ते सांगावं. सांगता आलं नाही तर वरचा भाग पुन्हा लिहा.

रिकाम्या महिन्यांचा प्रश्न मात्र संघटना खरोखर सोडवू शकते. अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांनी काल्पनिक बायोडेटा खऱ्या जाहिरातींना पाठवून पाहिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात बेकारीचा काळ वाढत गेला तसं मुलाखतीचं बोलावणं कमी होत गेलं, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली होती. जिथे बेकारी मुळातच जास्त होती तिथे घसरण कमी तीव्र होती. म्हणजे मंदीत रिकाम्या काळाकडे लोक थोडं समजुतीने पाहतात. तरीही पहिले आठ महिने वाया घालवू नका. तिसऱ्या महिन्याच्या आत प्रत्येक सभासदाच्या नावावर तारखेसह दाखवता येईल असं एक काम असलं पाहिजे: संघटनेच्या मानकांचं परीक्षण, नवोदितांचा वर्ग, एखाद्या सेवाभावी संस्थेचं मर्यादित काम. त्याचं पत्र द्या, आणि पत्रात काय केलं ते लिहा. "मोलाचं सहकार्य केलं" असल्या वाक्यांचा उपयोग शून्य.

यातून एक गैरप्रकार शिरतो. काही संस्था "अनुभव मिळेल" म्हणून फुकट काम मागतात. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेचं बिनमोबदला काम संघटनेने कधीही पुढे करू नये, चाचणी म्हणूनसुद्धा अर्ध्या दिवसापेक्षा जास्त नाही. मंदीत एकदा फुकट झालेल्या कामाला नंतर दर मिळवणं फार जड जातं, आणि ते नुकसान त्या एका सभासदापुरतं राहत नाही.

कायद्याची कड

दर पडू लागले की सभासद म्हणतात, सगळे मिळून किमान दर ठरवू. भावना योग्य असली तरी अनेक देशांच्या स्पर्धाविषयक कायद्यांत स्वतंत्र व्यावसायिकांच्या संघटनेने दर ठरवणं हा गुन्हा किंवा दंडनीय व्यवहार ठरतो. कामगार संघटनेला मिळणारं संरक्षण व्यावसायिक संघटनेला मिळेलच असं नाही. उलट बाजूलाही तेच. समितीत बसलेल्या दोन मालकांनी पगाराचे आकडे एकमेकांना सांगणं किंवा "तुमची माणसं आम्ही घेणार नाही" असं ठरवणंही धोक्याचं आहे. अमेरिकेत असे करार दुसऱ्या कुठल्या रास्त सहकार्याचा भाग नसतील तर फौजदारी कारवाई होऊ शकते, असं तिथल्या यंत्रणांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून समितीच्या बैठकीत एका संस्थेच्या मोबदल्याची माहिती दुसऱ्या संस्थेच्या माणसापुढे ठेवू नका. टिपणं निमंत्रक आणि नोंदी ठेवणारा यांनीच हाताळावीत. सभासदांना दराबाबत मदत करायची असेल तर प्रत्येकाला स्वतःचा खर्च आणि तास मांडून दर कसा काढायचा हे शिकवा. आकडा त्याचा त्याने ठरवावा. आपल्या देशातला नियम नेमका काय आहे, हे ठराव करण्याआधीच वकिलाला विचारून घ्या. भरतीसाठी माध्यम म्हणून काम करायला परवाना लागतो का, हेही त्याच भेटीत.

काय मोजायचं

किती बायोडेटा जमले आणि ग्रुपमध्ये किती जण आहेत हे आकडे अहवालात छान दिसतात, पण काहीच सांगत नाहीत. दर महिन्याला पाच आकडे पाहा: नवीन नोंदी, आणलेली कामं, पाठवलेली परिचयपत्रं, त्यातून प्रत्यक्ष झालेली बोलणी, आणि मिळालेलं काम. कुठे अडतंय ते यातूनच दिसतं. कामं येतात पण पत्रं कमी जातात, तर सभासदांना ओळखणारे कमी पडताहेत. पत्रं जातात पण बोलणी होत नाहीत, तर पत्रं ढोबळ लिहिली जाताहेत किंवा चुकीच्या माणसाला जाताहेत. बोलणी होतात पण काम मिळत नाही, तर सरावाकडे वळा, किंवा मोबदल्याच्या अपेक्षा टिपणाशी जुळतात का ते तपासा. सहावा आकडा वर्षातून दोनदा काढा: गेल्या सहा महिन्यांत ज्यांचं नाव एकदाही कुठे गेलं नाही असे किती? हा आकडा कार्यकारिणीसमोर मोठ्याने वाचा. त्यात बहुधा पन्नाशीपुढचे, घरच्या जबाबदारीमुळे काही वर्षं बाहेर राहून परतलेले आणि नव्याने आलेले सभासद जास्त सापडतील, कारण ओळखीवर चालणारी कुठलीही पद्धत आधीच ओळखी असलेल्यांना झुकतं माप देते. त्या यादीतल्या प्रत्येकासाठी समितीतला एक माणूस नेमा, आणि पुढच्या ६० दिवसांत निदान एक पत्र गेलंच पाहिजे असं ठरवा.

काम मिळालेल्या सभासदाची नोंद लगेच बंद करू नका. मंदीत दिलेल्या जागा तीन महिन्यांत परतही काढून घेतल्या जातात, म्हणून ३० आणि ९० दिवसांनी एकेक फोन करा. दुसऱ्या फोनला सगळं ठीक असेल तर वर्गणीची स्थगिती उठवा, नोंद पुसायच्या यादीत घाला, आणि त्याला त्याच्या नव्या जागी अडून राहिलेल्या कामाबद्दल विचारा. तो आता समितीच्या आठवड्याच्या फोनयादीत आहे.